ब्रेक ऑइल आणि डावा पाय

मास्तर जेवायला बसले तरी त्यांचा डावा पाय गाडीतच असे. टेबलाखाली तो एकसारखा फरशी दाबत राही आणि टेबलावरच्या पेल्यांतलं पाणी हिंदकळत राही.

"अहो, टेबल हलतंय," बायको म्हणे.

"मी नाही हलवत," मास्तर म्हणत. ते खरंच होतं. पाय हलवत होता. आणि सध्या त्या घरात मास्तर आणि मास्तरांचा डावा पाय यांचा विचार वेगवेगळा होत होता. मास्तरांवर कुणाचा राग नव्हता. पायावर मात्र आरोप होता.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, आता निवृत्त. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शेजारी बसून गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यात काच खाली करून. निवृत्तीनंतर पहिला वर्ग बंद झाला, दुसरा चालूच होता.

आरोप असा होता. आठवड्यापूर्वी मास्तर मुलीला तिच्या दवाखान्यात सोडायला निघाले होते. सिग्नलला गाडी थांबली. मास्तरांनी पहिला गिअर टाकला, क्लच दाबून धरला, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच गाडी आपली आपण, कुणाला न विचारता पुढं सरकली. समोरून छत्री घेतलेले एक गृहस्थ रस्ता ओलांडत होते. त्या वयात आणि त्या शरीरयष्टीत माणसानं एवढी लांब उडी मारू नये, पण त्यांनी मारली. मास्तरांनी ब्रेक मारला, गाडी बंद पडली. गृहस्थांनी छत्रीनं बॉनेटवर दोनदा ठोकलं आणि काही शब्द बोलले. मास्तर स्वतः काच खाली करून लोकांना जे म्हणत, तेच ते होते.

मुलगी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे, घोटे आणि बहाणे हाताळायची. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, क्लच सोडलात का तुम्ही?"

"सोडला नाही. दाबलेला होता. पेडल आपोआप खाली गेलं आणि गाडीनं उचल खाल्ली."

"पेडल खाली गेलं, म्हणजे क्लच जास्त दाबला गेला ना? मग गाडी पुढं कशी जाईल?"

मास्तरांनी हजारो लोकांना क्लच समजावून सांगितला होता. पण ती सगळी माणसं अनोळखी होती आणि फी भरून ऐकत होती. पोटच्या पोरीला त्यांना एवढंच म्हणता आलं, "आतून जोर संपला की पेडल खाली जातं आणि क्लच मात्र सुटतो."

"आतून जोर संपला की," मुलगी म्हणाली, "पायही तसाच करतो."

घरी आल्यावर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, डाव्या तळपायाला हाताचा पंजा लावला आणि म्हणाली, "ढकला." मास्तरांनी ढकललं. मग उजवा. मग परत डावा. मास्तरांचा चेहरा दर वेळी सारखाच लाल झाला, पण तिचा पंजा दर वेळी सारखा हलला नाही.

"डावा कमी आहे."

"तो स्वभावानंच मवाळ आहे."

"बाबा, चेष्टा नको. तो माणूस थोडक्यात वाचला. पुढच्या रविवारपर्यंत मेकॅनिकनं गाडीत दोष काढून दाखवला तर दुरुस्त करा आणि खुशाल चालवा. नाही सापडला तर किल्ली माझ्याकडे. कायमची."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी कमी झालेलं दिसलं, म्हणून तांब्या घेऊन आत गेली.

मास्तरांना त्या रात्री झोप लागली नाही आणि सकाळ उजाडायच्या आत ते मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभे होते.

मिस्त्रीला सगळे फटाफट म्हणत. गाडी दारात पूर्ण थांबायच्या आत तो दोष सांगत असे. बरेचदा बरोबर निघे. चुकला की तितक्याच झटपट दुसरा सांगे, त्यामुळे गिऱ्हाइकाला वेळ वाया गेल्यासारखं वाटत नसे. गाडी त्याला मास्तरांनीच शिकवली होती आणि तीही त्यानं झटपटच शिकली होती. पहिल्याच दिवशी त्यानं स्कूलच्या गाडीनं एक कुंपण पाडलं होतं.

"खालचा सिलिंडर," फटाफट म्हणाला. मास्तरांचं वाक्य अजून अर्ध्यात होतं.

"बघ तरी."

"बघायचं काय? पेडल दाबलं की वरचा सिलिंडर तेल ढकलतो, तेल नळीतून खाली जातं, खालचा सिलिंडर क्लच सोडवतो. वय झालं की खालचाच जातो."

मास्तरांना ते वाक्य आवडलं नाही, पण गाडीबद्दल होतं म्हणून त्यांनी सोडून दिलं. खालचा सिलिंडर बदलला. दोन दिवस पेडल बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत पायाखालून निसटलं, आणि संध्याकाळी काही झालंच नाही अशा थाटात टणक झालं. मास्तर परत गॅरेजात.

आता फटाफटनं बॉनेट उघडलं. आत इंजिनामागच्या भिंतीपाशी ब्रेक ऑइलचं लहानसं पांढरं भांडं असतं. त्यावर दोन रेघा, वरची आणि खालची. या गाडीत ब्रेक आणि क्लच दोघंही त्याच एका भांड्यातलं तेल वापरत.

"हे बघा. वरच्या रेघेला टेकलंय. तेल कुठं गळत असेल तर आधी इथं कमी होणार. क्लचची नळी भांड्याच्या वरच्या अंगाला बसवलेली, ब्रेकची तळाला. मुद्दाम तशी. गळती लागली तर क्लच आधी उपाशी राहतो, ब्रेकला शेवटपर्यंत मिळतं. इथं तर भांडं काठोकाठ."

तरी मास्तरांच्या समाधानासाठी त्यानं चारही चाकं आतून पाहिली. कोरडी. गिअरबॉक्सखाली हात फिरवला. कोरडा. मास्तरांनी घरी गाडीखाली रात्रभर अंथरलेलं वर्तमानपत्र त्यानं उजेडात धरून पाहिलं. त्यावर डाग नव्हता, बातम्या होत्या.

"परत एकदा बघ."

"मास्तर, आख्खी गाडी बघितली." फटाफट हात पुसत उभा राहिला आणि त्याची नजर क्षणभर मास्तरांच्या डाव्या पायावर गेली. लगेच त्यानं ती उचलली, पण मास्तरांनी पाहायचं ते पाहिलं.

"तुला माझ्या लेकीनं फोन केला होता का?"

"ताईंनी? छे! म्हणजे केला होता. पण सहज."

त्यानंतर मास्तर एका जागी टिकेनात. उठायचे, खाली जायचे, बॉनेट उघडायचे, रेघ बघायचे. तेल रेघेला. बॉनेट लावायचे, वर यायचे, वर्तमानपत्र उघडायचे, पुन्हा खाली. दिवसातून किती वेळा, हे शेजाऱ्यांना ठाऊक. कधी सीटवर बसून पेडल दाबून धरत आणि ते बुडतंय का याची वाट बघत. बुडालं नाही की वाईट वाटे. बुडालं की बरं वाटे, पण मग ते पेडल बुडालं की पाय घसरला हे ठरेना, कारण साक्षीदार एकच आणि तोच आरोपी. एकदा त्यांनी उजव्या पायानं क्लच दाबून बघितला. जन्मभर विद्यार्थ्यांना ज्यासाठी ओरडले, तेच करताना त्यांनी आधी इकडंतिकडं पाहून घेतलं.

"जरा बसा की," बायको म्हणाली.

"बसलोय."

"तुम्ही चालताय."

गुरुवारी बायको तिच्या बहिणीकडं दोन-तीन दिवसांसाठी गेली. बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना तिनं डबे भरले, फिल्टर भरला, साखर भरली, गच्चीवरच्या कुंडीत डबल पाणी घातलं. तिचा तो खाक्याच होता. घरातलं कुठलंही भांडं काठाच्या खाली गेलेलं तिला बघवत नसे. चाळीस वर्षांत त्या घरात काही संपलंय असं मास्तरांना कळलंच नव्हतं, आणि ते आपोआप भरतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

शनिवारी सकाळी मास्तर नेहमीसारखे खाली जाऊन सीटवर बसले. आदले दोन दिवस त्यांनी रागानं बॉनेटकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. किल्ली फिरवली, क्लच दाबला. पेडल गेलं ते थेट तळाला, आणि वर आलंच नाही. मास्तरांनी पाय काढला. पेडल तिथंच. वाकून हातानं वर ओढलं, तेव्हा आलं. परत दाबलं. परत तळाला.

इतका आनंद त्यांना गाडी नवी आली तेव्हाही झाला नव्हता. पाय बाहेर आणि पेडल खाली! याहून स्वच्छ पुरावा कुठला असणार? त्यांनी काही हलवलं नाही, दार उघडंच ठेवलं आणि तिथूनच फटाफटला आणि मुलीला फोन लावले. "ताबडतोब ये. कशालाही हात लावलेला नाही." मुलीला वाटलं, घरात चोरी झाली.

फटाफट आला, मुलगी आली. मास्तर दारापाशी पहाऱ्याला उभे होते.

"बघ. पेडल बघ. माझा पाय कुठं आहे? इथं. पेडल कुठं आहे?"

फटाफटनं बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदाच दोष सांगायच्या आधी वाकून नीट पाहिलं. भांड्यातलं तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. क्लचच्या नळीचं तोंड उघडं पडलं होतं.

"हे सोमवारी काठोकाठ होतं," तो म्हणाला.

"मी बुधवारी पाहिलं, तेव्हाही होतं," मास्तर म्हणाले. "म्हणजे गळतंय!"

"तसं नाही, मास्तर." फटाफटनं भांड्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं. "आठवडाभर थेंब कमी होत नाही. आणि उद्या किल्ली द्यायची म्हटल्यावर दोन दिवसांत एवढं जातं. खाली जमिनीवर ठिपका नाही. तेल हवेत उडत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "औषधाच्या दुकानात इंजेक्शनची सुई मिळते. सुईनं ओढलं की दोन मिनिटांचं काम."

"काय ओढलं?"

"मी कुठं म्हणतोय तुम्ही ओढलंत."

मुलगी बापाकडं बघत होती. रागानं बघितलं असतं तर मास्तरांना चाललं असतं. ती तिच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांकडं बघायची तशी बघत होती. "बाबा, खरं सांगा. मी चिडणार नाही."

मास्तरांना आयुष्यात बोलायला शब्द कमी पडले असे प्रसंग फार थोडे, आणि ते सगळे याच आठवड्यातले.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. आई. मुलीनं स्पीकर लावला.

"अगं, बाबा फोन उचलत नाहीत. ऐक, त्यांना एक सांगायचं राहिलं. गाडीत ते पांढरं भांडं आहे ना पुढं, ते बघायला सांग. खाली गेलं असेल. बाटली धुण्याच्या साबणामागं ठेवलीय."

फटाफटनं मान भांड्याकडं वळवली.

"आई," मुलगी म्हणाली, "ते भांडं तू भरतेस?"

"मग कोण भरणार? रोज सकाळी जरा जरा लागतंच. महिना-दोन महिने झाले. मागं हे टॉर्च धर म्हणाले होते, तेव्हा बघितलं, रेघेच्या खाली होतं. बाटली त्यांचीच. संपली तेव्हा स्पेअर पार्टवाल्याला रिकामी दाखवून नवी आणली."

"अगं पण," मास्तर ओरडले, "कमी होतंय हे मला सांगायला नको?"

"कमी होऊ दिलं असतं तर सांगितलं असतं," पलीकडून आवाज आला.

मुलीनं फोन मास्तरांच्या जवळ धरला.

"तुम्ही पेडल पेडल करत काळजीत होतात," ती पुढं म्हणाली, "म्हटलं, निदान तेल तरी कमी पडायला नको. काही चुकलं का?"

"नाही, काकू," फटाफट खाली बघत म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही. मी भरलेलं भांडं बघून घरी गेलो."

आता त्यानं घाई केली नाही. भांड्याखालच्या पत्र्यावर बोट फिरवलं. तिथला रंग फुगून पापुद्रे सुटले होते. "हे ओतताना सांडलेलं. ब्रेक ऑइल रंग खातं. मी हे बघितलं होतं, पण गाडी जुनी म्हणून सोडून दिलं." मग तो उलटा होऊन स्टिअरिंगखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले. आतून आवाज आला, "मास्तर, मॅट उचला."

रबरी मॅट वरून कोरडी होती. तिच्याखालचा गालिचा दाबला, तर बोटांना चिकट तेल लागलं. फटाफटनं पेडलच्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि बाहेर काढून दाखवलं. ओलं, बुळबुळीत.

"वरचा सिलिंडर. आतलं रबर गेलंय. तेल बाहेर न पडता दांड्यावरून आत उतरतं, भिंतीवरून ओघळतं आणि गालिचा पितो. म्हणून जमिनीवर ठिपका नाही. भांडं काठोकाठ दिसलं म्हणून मी आत बघायला गेलोच नाही."

मास्तर मुलीकडं वळले. नुसते वळले.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "मी माफी मागते. पायाचीही."

"पाय काही मनावर घेत नाही," मास्तर उदारपणे म्हणाले.

मुलगी दवाखान्यात गेली. दुपारी फटाफट नवा सिलिंडर घेऊन आला आणि बसवला. राहिली नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एक खाली स्क्रू सोडायला, एक वर पेडल दाबायला. मास्तर सीटवर बसले. विजयी वीर घोड्यावर बसतो तसे नव्हे. तो इतका ऐसपैस बसत नाही.

"दाबा!" गाडीखालून आवाज आला.

मास्तरांनी दाबलं. पेडल लोण्यासारखं गेलं.

"धरा! ... सोडा. दाबा! ... धरा!"

हवा बाहेर पडू लागली तसं पेडल टणक होऊ लागलं. आधी लोणी, मग ओली माती, मग लाकूड. महिना-दोन महिने ते मऊ होत गेलं होतं आणि पाय त्याला सरावला होता. आता ते पूर्वीसारखं झालं. पाय झाला नाही.

"धरा!"

मास्तरांनी धरलं. मांडीचा स्नायू आधी नुसता फडफडला. मग ती थरथर गुडघ्यापर्यंत उतरली. त्यांनी दात आवळले. पेडल बोटभर वर आलं.

"मास्तर, सोडू नका म्हटलं ना! हवा परत आत गेली."

"सोडलं नाही मी."

"मग वर कसं आलं?"

मास्तरांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि हातानं पाय दाबून धरला. फटाफट गाडीखाली होता, मुलगी दवाखान्यात, बायको बहिणीकडं. बघायला कुणी नव्हतं. तरी त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं.

"झालं! एक नंबर," फटाफट बाहेर येत म्हणाला. "चक्कर मारून या."

मास्तर चक्कर मारून आले. सपाट रस्त्यावर सगळं छान. चढावर सिग्नल लागला, आणि तो हिरवा होईपर्यंत मास्तर घामानं भिजले. पुढं शाळेतली मुलं रस्ता ओलांडत होती. त्यांनी गिअर काढून टाकला, हँडब्रेक ओढला आणि पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवला. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. मास्तरांनी काच खाली केली नाही.

त्यानंतर गाडी जागची हलली नाही. बायको परत आली. आता ती रोज भांडं बघे, पण ते कमी होत नव्हतं, त्यामुळं तिला चुकल्यासारखं होई. "चला की बाजारात," ती म्हणे. "गाडी झालीय ना चांगली?" "आज नको, गर्दी असेल." "मग उद्या?" "उद्या दुकानं बंद." "उद्या मंगळवार आहे." "मग परवा." मास्तर उठायचे, गाडी पुसायचे, सीटवर बसायचे, उतरायचे. किल्ली या खिशातून त्या खिशात जायची. लढाई जिंकून बसलेला माणूस इतका बेचैन का, हे बायकोला कळेना. किंवा कळलं असेलही.

पुढच्या रविवारी मुलगी आली. मास्तर तिच्या मागं मागं खोलीतून खोलीत फिरले आणि शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या एका मित्राबद्दल तुला विचारायचं होतं."

"कुठला मित्र?"

"तू ओळखत नाहीस."

"तुमचे सगळे मित्र ओळखते, बाबा. चार आहेत. त्यातले दोघं तुमच्याशी बोलत नाहीत."

"हा पाचवा. त्याची गाडी उत्तम आहे. पण क्लच धरून ठेवला की मांडी थरथरते. फार नाही. चढावर."

मुलगी वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "कुठला पाय?"

"डावाच. क्लच दुसऱ्या कुठल्या पायानं दाबतात? तुला शिकवलंय मी."

"गाडी चालवतात अजून?"

"नाही. बसतो नुसता."

"शहाणे आहेत. व्यायामानं सुधारेल. वेळ लागेल. तोपर्यंत किल्ली घरच्यांकडे देऊन टाका म्हणावं."

"तो जरा हट्टी आहे."

"मग मला विचारायला कशाला आले?"

मास्तर खिडकीपाशीच उभे राहिले. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, आणि चुकीची घेत होतं. मास्तरांनी ते बघितलं आणि जाऊ दिलं. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी टॉवेलांवर ठेवली.

"ठेवायला दिलीय त्यानं. परत द्यायची आहे, लक्षात ठेव."

"पायात जोर भरला की देईन." मुलीनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि खुर्ची ओढली. "बसा."

"मी कशाला?"

"मित्राला नीट समजावून सांगता यायला हवं ना? बसा. डावा पाय सरळ करा. वर. अजून. धरून ठेवा."

मास्तरांनी पाय वर धरला. तो थरथरू लागला. या वेळी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं नाही.

"मित्राला म्हणावं, श्वास रोखू नका," मुलगी म्हणाली.

आतून बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं पायाकडं बघितलं, मुलीकडं बघितलं. "मित्राला चहा हवाय का?"

"अर्धा," मास्तर म्हणाले.

ती पूर्ण कप भरून घेऊन आली.